लॅपटॉप ओळख दाखवत नाही

अमळनेर तालुक्यातल्या एका गावातून पत्र आलंय. लिहिणारे निवृत्त शिक्षक आहेत, वय ६४, जिल्हा परिषदेच्या शाळांत ३२ वर्षं शिकवलं. नाव-गाव छापू नका असं त्यांनी बजावलंय, म्हणून मजकूर तेवढा थोडक्यात देते.

२०२४ च्या फेब्रुवारीत अमळनेरला साहित्य संमेलन झालं. तिथून घरी परतताना गुरुजींनी मनाशी ठरवलं की आईच्या तोंडचे अहिराणी शब्द, म्हणी, जात्यावरच्या ओव्या आता लिहून काढायच्या. पुण्यात नोकरीला असलेल्या मुलाने त्या दिवाळीला नवा लॅपटॉप आणून दिला, सगळं लावूनही दिलं. ‘पप्पा, पासवर्ड-बिसवर्ड काही नको. नुसतं समोर बसा, तो तुम्हाला बघून उघडेल.’ तसा तो उघडायचाही. गुरुजी पहाटे साडेचारला उठतात, बायकोची झोपमोड नको म्हणून दिवा न लावता ओसरीत बसतात आणि उजाडेपर्यंत टाइप करतात. हिवाळाभर सुरळीत चाललं. शब्द अकराशेच्या वर गेले.

२०२५ साली आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) चार दिवस आधी त्यांच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. काही आठवड्यांनी नवा चष्मा लावून पहाटे लॅपटॉपसमोर बसले, तर तो उघडेना. पडद्यावर इंग्रजीत काहीतरी येतं आणि पिन मागतो. पिनची चिठ्ठी हरवली. मुलाला तीनदा फोन करून विचारला. तिसऱ्या वेळी तो म्हणाला, ‘पप्पा, किती वेळा सांगू?’ तेव्हापासून विचारायची लाज वाटते. दुपारी कधी कधी लॅपटॉप आपोआप उघडतो, पहाटे मात्र नाहीच. तालुक्याच्या दुकानातला मुलगा म्हणतो, फॉरमॅट मारून देतो, नव्यासारखा होईल. बायको म्हणते, वहीत लिहा. शेजारी म्हणतात, नवा घ्या. शिवाय एक भीती मनात बसलीय. नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्यासाठी मोबाइलवर चेहरा दाखवतात, तिथेही असंच झालं तर पेन्शन अडकेल का?

पत्राच्या शेवटी त्यांनी लिहिलंय, ‘माले मन्हाच लॅपटॉप वळखत नही. वय व्हई गयं, दुसरं काय!’

गुरुजी, सप्रेम नमस्कार.

तुमचं शेवटचं वाक्य मला फार लागलं, म्हणून आधी त्याच्याकडेच येते. तुमचा चेहरा बदलला, डोळा बदलला, वय झालं, म्हणून यंत्राने तुम्हाला नाकारलं, असं तुम्ही धरून चाललात. पण पत्रात तुम्हीच एक गोष्ट लिहिलीय, तिच्याकडे तुमचं लक्ष गेलेलं दिसत नाही. दुपारी लॅपटॉप उघडतो. चेहरा ओळखण्यापलीकडे गेला असता तर दुपारीही तो उघडला नसता. दुपारचा चेहरा आणि पहाटेचा चेहरा एकच. फरक आहे तो फक्त उजेडाचा.

वर्गात एखाद्या मुलाचं गणित चुकलं की तुम्ही त्याला पहिल्या पायरीपासून करायला लावत असाल. तसंच करू. लॅपटॉपवर चेहरा ओळखण्याची जी सोय आहे तिला विंडोज हॅलो म्हणतात. २०१५ साली विंडोज १० बरोबर ती आली. पडद्याच्या वरच्या पट्टीत नेहमीचा कॅमेरा असतो, ज्यातून तुम्ही नातवाशी बोलता. त्याच्या शेजारी दुसरा एक कॅमेरा असतो, तो इन्फ्रारेड प्रकाशात बघतो. हा प्रकाश आपल्या डोळ्यांना दिसत नाही. बऱ्याच लॅपटॉपवर त्या वेळी कॅमेऱ्याशेजारी बारीक लालसर ठिपका लुकलुकताना दिसतो, तोच तो. लॅपटॉप स्वतःच हा प्रकाश तुमच्या तोंडावर टाकतो आणि परत आलेल्या प्रकाशावरून डोळे, नाक, ओठ, हनुवटी यांची ठेवण मोजतो. अंधारातही तुमचं काम व्हायचं ते त्यामुळे. कागदावरचा फोटो पुढे धरून त्याला सहज फसवता येत नाही, तेही त्यामुळेच.

मग आता अंधारात का होत नाही? तर २०२५ च्या एप्रिलच्या अपडेटपासून मायक्रोसॉफ्टने विंडोज ११ मध्ये नियमच बदलला. कोणी खोटा चेहरा पुढे करून आत शिरू नये म्हणून आता इन्फ्रारेडच्या जोडीला साध्या, रंगीत कॅमेऱ्यालाही समोर चेहरा दिसावा लागतो. साध्या कॅमेऱ्याला अंधारात काही दिसत नाही. तुमच्या ओसरीत साडेचारला त्याच्यापुढे काळोखच असतो. अपडेट रात्रीतून आपोआप येतं, कोणी सांगत नाही. तुमचं ऑपरेशनही त्याच एप्रिलात. दोन्ही गोष्टी एकाच सुमारास घडल्या आणि तुम्ही दोष स्वतःच्या डोळ्याला दिलात. मोतीबिंदूचं ऑपरेशन डोळ्याच्या आतल्या भिंगाचं असतं. चेहऱ्याची ठेवण त्याने बदलत नाही. गेल्या दोन-तीन महिन्यांत मला हीच तक्रार घेऊन भेटलेल्यांत २२ वर्षांचा एक मुलगाही होता, रात्री खोलीतला दिवा बंद करून अभ्यास करणारा. त्यालाही लॅपटॉप ओळखत नव्हता.

म्हणजे अर्धा उपाय अगदी साधा निघाला. उद्या पहाटे लॅपटॉपच्या मागे, तुमच्या तोंडावर उजेड पडेल असा एक छोटा टेबललॅम्प ठेवा. खोलीभर उजेड करायची गरज नाही. दिव्याचं तोंड तुमच्याकडे हवं, पाठीमागे नको. पाठीमागून उजेड आला की चेहरा काळा पडतो, जसा खिडकीकडे पाठ करून काढलेल्या फोटोत पडतो. लॅपटॉप उघडला की दिवा बंद केला तरी चालेल. घरी असा दिवा नसेल तर मोबाइलची बॅटरी भिंतीवर मारा, परतून आलेला उजेडही पुष्कळदा पुरतो. झोपलेल्या माणसाला त्याचा त्रास होत नाही.

इंटरनेटवर कोणी तुम्हाला सांगेल की डिव्हाइस मॅनेजरमध्ये, म्हणजे लॅपटॉपच्या भागांच्या यादीत, जाऊन साधा कॅमेरा बंद करून टाका, मग अंधारातही चालतं. ते करू नका. व्हिडिओ कॉलचा कॅमेरा त्याने बंद होतो, आणि ज्या कारणासाठी नियम आणला तेच दार तुम्ही पुन्हा उघडं टाकता.

राहिला चष्मा. इथे मात्र तुमचा अंदाज थोडा खरा आहे. काचांवर चमक जाण्यासाठी जे कोटिंग देतात, त्यातली काही इन्फ्रारेड प्रकाश परतवतात, मग डोळ्यांच्या जागी यंत्राला नुसता चकाकणारा डाग दिसतो. दिवाळीत मुलाने तुमचा चेहरा नोंदवला तेव्हा जुना चष्मा होता, फ्रेम वेगळी होती. म्हणून दुपारीसुद्धा ‘कधी कधी’च उघडतो. यालाही उपाय आहे, आणि तो तुम्ही कोणालाही न विचारता करू शकता.

दुपारी लॅपटॉप उघडेल तेव्हा सेटिंग्जमध्ये जा. डाव्या हाताला अकाउंट्स, त्यात साइन-इन ऑप्शन्स. पहिल्याच ओळीत फेशियल रेकग्निशन असेल. त्यावर टिचकी मारली की खाली इम्प्रूव्ह रेकग्निशन असं बटण दिसेल. ते दाबा आणि कॅमेऱ्याकडे सरळ बघत राहा, दोन-चार सेकंदांचं काम आहे. एकदा नव्या चष्म्यानिशी करा. मग तेच बटण पुन्हा दाबून एकदा चष्मा काढून करा. त्यामुळे जुनी नोंद पुसली जात नाही, तिच्यात भर पडते. टोपी घालत असाल तर कपाळावर जरा मागे सारा. बसताना पाठ ताठ, लॅपटॉप हातभर अंतरावर, चेहरा समोर. मांडीवर लॅपटॉप घेऊन मान खाली घातली की कॅमेऱ्याला हनुवटी जास्त आणि डोळे कमी दिसतात. पहाटेसाठी आणखी एक नोंद ओसरीत ज्या जागी बसता तिथेच, तो टेबललॅम्प लावून केलीत तर सगळ्यात उत्तम.

एवढं करूनही दहातून एखादवेळा तो नाही म्हणेल. तेव्हा मनाला लावून घेऊ नका. असा कॅमेरा बनवणाऱ्या कंपन्यांना मायक्रोसॉफ्टने जी मर्यादा घालून दिलीय ती अशी: परक्या माणसाला चुकून आत घेण्याचं प्रमाण लाखात एकापेक्षा कमी हवं, पण खऱ्या मालकाला चुकून परत पाठवण्याचं प्रमाण शंभरात दहाच्या आत असलं तरी चालतं. मालकाला एकदा ताटकळावं लागलं तर बिघडत नाही, पण चोर आत जाता कामा नये, अशा हिशेबाने ते बनवलंय. शाळेचा जुना शिपाई रात्री हेडमास्तरांनाही ‘कोण आहे?’ असं दरडावून विचारतो ना, तसंच.

आता ज्या गोष्टीची मला तुमच्या पत्रात खरी काळजी वाटली, तिच्याकडे येते. तुम्हाला तुमच्या लॅपटॉपचा पिन माहीत नाही.

चेहऱ्याने उघडणं ही सोय आहे. किल्ली म्हणजे पिन. पिन ठेवल्याशिवाय विंडोज चेहरा नोंदवूच देत नाही, कारण दिवा नसेल, कॅमेरा बिघडेल, तोंडाला पट्टी असेल, तेव्हा तोच एक रस्ता उरतो. मुलाने ‘पासवर्ड नको’ म्हटलं ते तुमच्या सोयीसाठी, प्रेमाने म्हटलं. पण त्यामुळे झालं असं की घर तुमचं, त्यात अकराशे शब्द तुमचे, आणि किल्ली पुण्याला. माझ्या मते हे वयाशी निगडित नाहीच. ज्याचं सामान आत आहे त्याच्या खिशात किल्ली असायला हवी, मग तो २४ वर्षांचा असो की ६४ चा. आणि ३२ वर्षं हजेरीपटावरची नावं तोंडपाठ असणाऱ्या माणसाला सहा आकडे लक्षात राहणार नाहीत, हे मी मानायला तयार नाही. ते राहिले नाहीत कारण ते आकडे तुमचे नव्हते. मुलाने त्याला सुचलेले दिले आणि फोनवर घाईत सांगितले. तुमच्या पहिल्या नेमणुकीचं वर्ष, आईच्या शेताचा गट नंबर, असं काहीतरी तुमच्याच आयुष्यातलं घ्या. जन्मतारीख किंवा मोबाइल नंबराचे शेवटचे आकडे नको, ते कोणीही ओळखतं.

पिनबद्दल आणखी एक गोष्ट बऱ्याच जणांना ठाऊक नसते. तो फक्त त्या एका लॅपटॉपपुरता असतो. दुसऱ्या यंत्रावर तो चालत नाही, म्हणून बँकेच्या पासवर्डइतकं त्याला घाबरायचं कारण नाही. मी तर म्हणते, पहिले दोन महिने तो कागदावर लिहून देव्हाऱ्याच्या फळीखाली ठेवा, फक्त लॅपटॉपच्या बॅगेत ठेवू नका. आणि टाकताना काही वेळा चुकला तर लॅपटॉप तुम्हाला इंग्रजी ए, एक, बी, दोन, सी, तीन असं टाइप करायला सांगेल. त्याने काही बिघडलेलं नसतं. कोणी चुकून बटणं दाबत नाही ना, एवढीच तो खात्री करतो. सांगितलंय तसं टाइप करा आणि पुन्हा शांतपणे पिन घाला.

मुलाविषयी. ‘किती वेळा सांगू’ हे वाक्य तुमच्या जिव्हारी लागलं, ते मला कळतं. तुम्ही किती मुलांना एकच उदाहरण दहा-दहा वेळा समजावलं असेल. पण तुम्ही फोन किती वाजता केला होता? पत्रात ‘सकाळी दहाच्या सुमारास’ लिहिलंय. त्याच्या कचेरीची ती वेळ. तो तुमच्यावर चिडला की त्या वेळेवर, हे एकदा त्याला विचारून तर बघा. आणि मला वाटतं, त्याच्या मनातही एक बोच असणार. लॅपटॉप आणून दिला, पण वडिलांना शिकवायला वेळ दिला नाही, ही बोच माणूस आवाज चढवूनच लपवतो.

श्रावणात कानबाईच्या सणाला तो घरी येणारच. रोटांच्या निमित्ताने सगळे भाऊबंद जमतात, पण आदल्या रात्री जेवणं झाल्यावर अर्धा-पाऊण तास मिळेल. तेव्हा त्याला शेजारी बसवा, मात्र लॅपटॉपवर हात तुमचा, सांगणं त्याचं. तो ‘द्या, मी करून देतो’ म्हणेल. देऊ नका. तीन कामं आहेत. पहिलं, लॅपटॉप कोणाच्या अकाउंटवर चालतोय ते बघणं. माझा अंदाज, त्याच्याच ईमेलवर असेल, कारण गडबडीत सगळे तसंच करतात. त्यामुळेच ‘पिन विसरलो’ दाबलं की पुढचा कोड त्याच्या फोनवर जातो आणि तुम्ही अडकता. तुमच्या नावाचं नवं अकाउंट उघडून लॅपटॉप त्यावर आणायचा, आणि त्यात तुमचा स्वतःचा मोबाइल नंबर घालायचा. जमिनीच्या उताऱ्यावर नाव कोणाचं आहे याला आपल्याकडे किती महत्त्व देतात! इथेही तेच. दुसरं काम, नवा पिन तुम्ही स्वतः ठेवणं. तिसरं काम सगळ्यात मोठं, आणि ते बहुतेक लोक करत नाहीत.

ते म्हणजे रिकव्हरी की. अलीकडच्या विंडोज ११ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या अकाउंटने लॅपटॉप सुरू केला की आतली सगळी माहिती बहुतेक वेळा आपोआप कुलूपबंद होते. सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, त्यात डिव्हाइस एन्क्रिप्शन, तिथे चालू आहे का दिसेल. लॅपटॉप चोरीला गेला तर चोराला तुमचं काही वाचता येणार नाही, इतकं ते पक्कं. पण मोठी दुरुस्ती झाली, मदरबोर्ड (आतली मुख्य पट्टी) बदलला, काही वेळा बायोसचं (लॅपटॉप सुरू करणाऱ्या मूळ प्रोग्रामचं) अपडेट झालं, की लॅपटॉप एकदम निळा पडदा दाखवून ४८ आकडी क्रमांक मागतो. तीच रिकव्हरी की. तो क्रमांक ज्या अकाउंटवर लॅपटॉप पहिल्यांदा लावला त्या अकाउंटमध्ये, मायक्रोसॉफ्टच्या साइटवर ठेवलेला असतो. तो नसेल तर अकराशे शब्द आत आहेत हे ठाऊक असूनही कोणालाच बाहेर काढता येत नाहीत. दुकानदारालाही नाही, कंपनीलाही नाही. मुलाला सांगून तो क्रमांक कागदावर उतरवून घ्या, दोन वेळा ताडून बघा, आणि पासबुकं, सातबारे जिथे ठेवता त्या लोखंडी कपाटात ठेवा.

म्हणूनच फॉरमॅटला माझा स्वच्छ नकार आहे. दुकानातल्या मुलाचा हेतू वाईट नसेल. फॉरमॅट हा त्याला येणारा सगळ्यात लवकरचा उपाय आहे. पण तुमचं दुखणं उजेडाचं आणि चष्म्याचं. फॉरमॅट करूनही पहाटे साडेचारला अंधारात लॅपटॉप उघडणार नाहीच, फक्त आतलं सगळं जाईल. हे मी पुस्तकी सांगत नाही. माझ्या आईच्या आवाजातली भुलाबाईची गाणी मी एका लॅपटॉपवर ठेवली होती, सतरा गाणी. लॅपटॉप हळू चालतो म्हणून एका दुकानात दिला. संध्याकाळी घ्यायला गेले तर मुलगा खुशीत म्हणाला, ‘मॅडम, एकदम क्लीन करून दिलाय.’ त्याने विचारलं नाही, मीही सांगितलं नव्हतं. आईला जाऊन तेव्हा आठ महिने झाले होते. तिच्या चाली मला अजून येतात, आवाज मात्र गेला.

तेव्हा गुरुजी, कानबाईची वाट बघत बसू नका. हे पत्र वाचाल त्याच दिवशी, दुपारी लॅपटॉप उघडेल तेव्हा, पहिल्यांदा तुमची शब्दांची फाइल पेनड्राइव्हवर उतरवून घ्या. फाइलवर उजवं बटण दाबून कॉपी, पेनड्राइव्ह उघडून पेस्ट. मग तीच फाइल स्वतःच्या ईमेलवर पाठवा. चष्म्याची नोंद, दिवा, पिन, सगळं नंतर.

नव्या लॅपटॉपबद्दल फार लिहीत नाही. गरज नाही. नवा घेतलात तरी नियम तोच आणि अंधारही तोच. वहिनींचं म्हणणं मात्र मी अर्धं मानते. वही ठेवाच. पहाटे वीज गेली, सुचलेली ओवी निसटतेय असं वाटलं, तर वहीसारखं काही नाही. पण अकराशे शब्द अकारविल्हे लावणं, एखादा शब्द शोधणं, पुढे छापायला देणं, हे लॅपटॉपवरच सुकर होतं. ते सोडू नका.

चेहऱ्याची सोय पूर्ण बंद करून नुसता पिन वापरणं, हाही एक मार्ग आहे आणि त्यात कमीपणा काही नाही. मी स्वतः घरी तेच करते. बोटाच्या ठशाची सोयही कित्येक लॅपटॉपवर असते, पण शेतात काम केलेल्या हातांचे ठसे झिजलेले असतात, रेशनच्या दुकानात आपण ते बघतोच. तुमच्या हातांना खुरपं माहीत असेल तर त्या वाटेला न गेलेलं बरं.

हयातीच्या दाखल्याची भीती मनातून काढून टाका. त्या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नाही. लॅपटॉपवर तुमच्या चेहऱ्याची जी नोंद आहे ती फोटोही नसते, मोजमापांचे आकडे असतात. ते त्याच लॅपटॉपमध्ये राहतात, कुठे पाठवले जात नाहीत. मोबाइलवरचं हयातीचं प्रमाणपत्र आधारच्या नोंदीतल्या फोटोशी चेहरा जुळवतं. एकाने ओळखलं नाही म्हणून दुसरा नाकारत नाही. तिथेही उजेडात बसा, चष्मा काढून बघा, आणि नाहीच जमलं तर बँकेत जाऊन सही करण्याचा जुना रस्ता आहेच.

तुमच्यासारखी पत्रं आणखीही येतात, म्हणून इतरांसाठी थोडं. पडद्यावर येणारा निरोप नीट वाचा, कारण दुखणी दोन आहेत. ‘तुम्हाला ओळखता आलं नाही’ असा अर्थ निघत असेल तर वर सांगितलेलं सगळं लागू. पण ‘कॅमेरा सुरू करता आला नाही’ असं म्हणत असेल तर चेहऱ्याचा प्रश्नच नाही. आधी कॅमेऱ्यावरची छोटी सरकती झडप बघा, नातवंडं ती हमखास सरकवतात. काही लॅपटॉपच्या वरच्या ओळीत कॅमेऱ्याचं चित्र असलेली कळ असते, ती चुकून दाबली गेली की कॅमेरा बंद पडतो. भुसावळच्या एका ताईंचा लॅपटॉप माझ्याकडे आला होता. कोणी आपल्याला बघू नये म्हणून त्यांनी कॅमेऱ्यावर मरून रंगाची टिकली लावली होती. व्हिडिओ कॉल असला की टिकली काढायच्या, झाला की पुन्हा लावायच्या. टिकली निघायची, पण गोंदाचं वर्तुळ काचेवर तसंच. नख लावलं तर बोटाला चिकटत होतं, त्यात कापसाचे तंतू अडकलेले, कारण घराशेजारीच जिनिंग. चष्म्याचं फडकं किंचित ओलं करून तीन-चारदा हलक्या हाताने फिरवलं आणि काच साफ झाली. त्या आल्या आल्या म्हणाल्या होत्या, लॅपटॉप बिघडला. पाच मिनिटांत तो त्यांच्याकडे बघून उघडला.

झडप, कळ, काच ठीक असूनही कॅमेरा सुरू होत नसेल तर लॅपटॉप रिस्टार्ट करा. शट डाउन करून पुन्हा सुरू करणं म्हणजे तेच, असं वाटतं, पण तसं नाही. पुष्कळ लॅपटॉपवर लवकर सुरू होण्यासाठी शट डाउन अर्धवटच होतं, रिस्टार्टमध्ये सगळं नव्याने सुरू होतं. मग विंडोज अपडेटमध्ये ऑप्शनल अपडेट्स बघा, कॅमेऱ्याचा ड्रायव्हर, म्हणजे तो चालवणारा प्रोग्राम, कधी कधी तिथे येऊन पडलेला असतो. शेवटी साइन-इन ऑप्शन्समध्ये चेहऱ्याची नोंद रिमूव्ह करून नव्याने करा. आणि जर तिथे सुसंगत कॅमेराच सापडत नाही असं लिहून येत असेल, तर तुमच्या लॅपटॉपला इन्फ्रारेड कॅमेरा नाही. साध्या कॅमेऱ्यावर विंडोज हॅलो चालत नाही, कोणी कितीही सांगो. जळगावात दुपारी गाडीवरून तोंडाला स्कार्फ बांधून येणाऱ्या मुलींनी तो सोडून मगच लॅपटॉपपुढे बसावं. नाक-तोंड झाकलेलं असलं की मोजायला त्याच्या हाती काही राहत नाही.

गुरुजी, मुलाला फोन करा, पण रात्री साडेआठनंतर. पिन मागू नका. आज किती शब्द झाले ते सांगा, आणि कानबाईच्या आदल्या रात्री अर्धा तास राखून ठेव म्हणा. रिकव्हरी की कागदावर उतरली की मला दोन ओळी टाका.